पंज्यातल्या पन्नास राहुट्या

मास्तरांनी मला फसवलं असं मी कधी म्हणालो नाही. तसं म्हणणाऱ्याने मास्तरांना पाहिलेलं नसेल. पण माझ्या पंचेचाळीस राहुट्यांवर अन्याय झाला, हे मी त्यांच्या तोंडावर बोललो, त्यांच्या मयतीला गेलो तेव्हाही माझ्या मनात तेच होतं, आणि आता लिहायला बसलोय तरी पहिलं तेच आठवतंय.

सोयगावच्या वर, अजिंठ्याच्या डोंगररांगेत एक तळं आहे. फार मोठं नाही. तिन्ही बाजूंनी डोंगर, चौथ्या बाजूला दगडी बांध आणि बांधाला लागून एक सपाट गवताळ तुकडा. हा तुकडा मास्तरांचा. शहरातून सकाळी निघालं तर एस.टी.ने सोयगाव, तिथून जीप, आणि जीप चालवणारा कंटाळला की पायी. मास्तर भूगोलाचे शिक्षक होते. निवृत्त झाल्यावर लोक शहरात घर बांधतात, त्यांनी या तुकड्यावर एक खोली बांधली, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तंबू ठोकायला जागा देऊ लागले. तेव्हा आमच्याकडे कॅम्पिंग हा शब्दही कुणी फारसा वापरत नव्हतं. मास्तर त्याला ‘मुक्काम’ म्हणत.

त्यांचं शिक्षण सगळं उर्दूतून झालेलं. निजामाचं राज्य पोलीस ॲक्शनमध्ये गेल्यावर शाळा मराठी झाल्या आणि तरुण मास्तरांना एका उन्हाळ्याच्या सुटीत मराठीतून भूगोल शिकवण्याची तयारी करावी लागली. ती त्यांनी पाठ्यपुस्तक तोंडपाठ करून केली. त्यामुळे त्यांच्या बोलण्याचे दोन कप्पे पडले होते. डोंगर, पाणी, वारा यांच्याबद्दल ते छापील मराठीत बोलत, आणि माणसांबद्दल दखनीत. “आज वायुभार कमी आहे,” असं म्हणून लगेच, “ए मियाँ, कायकू चिल्लारा? तळं सोया है.” मधल्या जागेत आमची साधी बोलीही यायची, पण ती बाजारातली, शाळेतली नव्हे.

अंगात सदरा, खाली लुंगी आणि गळ्यात टाय. नोकरीत असताना टाय सक्तीचा नव्हता, पण ते लावत. नोकरी संपल्यावर डोंगरात कुणी बघायला नव्हतं, तरी लावत. मी एकदा विचारलं, “मास्तर, इथं टाय कुणासाठी?” तर म्हणाले, “शाळा सुटली म्हणून मास्तर सुटतो का?”

तळ्याभोवतीच्या प्रत्येक जागेला त्यांनी नकाशातलं नाव दिलं होतं. पाण्याच्या मधोमध एक खडक होता, तो श्रीलंका. बांधाच्या टोकाला चिखल आणि लव्हाळी होती, ते सुंदरबन. शेळ्या चरायच्या तो माळ तिबेट. आणि सकाळी लोटा घेऊन जायची दिशा म्हणजे ध्रुव प्रदेश. शहरातल्या बायका पहिल्या दिवशी लाजायच्या, दुसऱ्या दिवशी खणखणीत आवाजात विचारायच्या, “मास्तर, ध्रुव प्रदेशात कुणी गेलंय का?”

सूर्य डोंगराआड जायच्या आधी ते हजेरी घेत. खरीखुरी हजेरी, शाळेच्या लांबट हजेरीपटावर. प्रत्येक पाहुण्याला आल्याबरोबर क्रमांक मिळे. मास्तर एका धोंड्यावर उभे राहून क्रमांक पुकारत आणि आपण “हाजिर” म्हणायचं. एकदा शहरातले एक मोठे साहेब कुटुंबासह आले होते. क्रमांक चार. साहेबांना हा पोरखेळ वाटला, ते खुर्चीत बसून राहिले. मास्तरांनी तीनदा पुकारलं आणि पटावर खूण केली. थोड्या वेळाने जेवणाची ताटं मांडली तर साहेबांचं ताट नाही. साहेब म्हणाले, “माझं कुठंय?” मास्तर अगदी अदबीने म्हणाले, “क्रमांक चार गैरहजर आहेत. गैरहजर माणूस जेवेल कसा?” साहेबांच्या बायको इतक्या हसल्या की साहेब उठले, धोंड्यासमोर उभे राहिले आणि “हाजिर” म्हणाले. दुसऱ्या वर्षी ते पुन्हा आले. क्रमांक चारच मागून घेतला.

रेडिओ, टेपरेकॉर्डर जे काही वाजणारं असेल ते मास्तर पोत्यात घालून खोलीत टांगून ठेवत. “कैद” म्हणत त्याला. जाताना सुटका.

आता माझं सांगतो. मी शहरातल्या मुकुंदवाडीचा. ट्रकच्या फाटक्या ताडपत्र्या शिवण्यापासून सुरुवात केली. स्टेशनजवळ झाडाखाली एक मशीन, तिथून शेड, शेडमधून दुकान. कुणाच्या ओळखीने काही मिळालेलं नाही. ताडपत्रीतून मांडवाच्या कापडात शिरलो आणि मांडवातून राहुट्यांचं डोक्यात आलं. औद्योगिक वसाहतीतल्या कंपन्या तेव्हा आपल्या माणसांना वर्षातून एकदा कुठं तरी न्यायला लागल्या होत्या. कुणी तरी मास्तरांच्या तळ्याबद्दल बोललं. मी जाऊन बघितलं. बांधावर उभा राहिलो आणि मला त्या गवतावर माझ्या राहुट्यांच्या रांगाच दिसल्या. पांढऱ्या, निळ्या झालरीच्या.

मास्तरांना म्हणालो, “जागा तुमची, राहुट्या माझ्या. गिऱ्हाईक मी आणतो.”

मोबदल्याचं त्यांनी हातानेच उडवलं. “पेन्शन है मेरेकू. ते तुला जमेल तसं. किती लावणार ते बोल.”

आकडा पहिल्यांदा आपण बोलायचा नाही, हे मला कुणी शिकवावं लागत नाही. मी म्हणालो, “बसून ठरवू.”

मास्तर गालात हसले. त्यांचे वडील बैलांचे व्यापारी होते, गावोगावचे बाजार करणारे. मास्तरांनी खांद्यावरचा रुमाल काढला आणि माझ्यापुढे हात केला.

“बैलबाजार ठाव हाय का, सेठ?”

“जन्म तिथंच गेला,” मी म्हणालो. खोटं नव्हतं. माझे वडील बैलबाजारात दावी आणि कासरे विकत. पायाला शेण लागायच्या आधी मला रुमालाखालचा सौदा कळत होता. दोघांनी हातात हात द्यायचा, वर रुमाल टाकायचा, आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. भोवती शंभर माणसं उभी असली तरी कुणाला पत्ता लागत नाही.

“मग तोंड बंद,” मास्तर म्हणाले. “तोंड झूट बोलता. उंगली नहीं बोलती.”

त्यांनी माझं एक बोट दाबलं. मी मनात म्हणालो, दहा राहुट्या? इतक्या लांब मी दहासाठी आलो? मी पंजा दाबून वर चार बोटं दाबली. मास्तरांनी डोळे मोठे केले, मान हलवली, दोन बोटं. मी उठल्यासारखं केलं, पुन्हा बसलो, सात दाबली. त्यांनी तीन. मी सहा. त्यांनी तळ्याकडे बघत बराच वेळ हात नुसता धरून ठेवला. मग चार. मी “राहू द्या” म्हणालो आणि खरंच उभा राहिलो. तेव्हा त्यांनी माझा सगळा पंजा मुठीत घेतला आणि जोरात दाबला. मीही दाबला. सौदा तुटला, म्हणजे बाजाराच्या भाषेत पक्का झाला.

पन्नास. परतीच्या एस.टी.त मी खिडकीशी बसून एकटाच हसत होतो. म्हाताऱ्याला दहावरून पन्नासवर आणला होता.

शहरात आल्यावर मी ट्रकवाल्यांची कामं परत केली. जुनी गिऱ्हाइकं, वर्षानुवर्षांची. सांगितलं, आता ताडपत्री शिवत नाही. दुकानात आणखी मशीनं बसवली, शिवणाऱ्या बाया वाढवल्या, आणि दिवाळीपर्यंत पन्नास राहुट्या तयार केल्या. जवळ होतं नव्हतं ते सगळं त्या कापडात गेलं. बायको म्हणाली, “त्या मास्तरांकडून कागदावर काही घेतलंय का?” मी म्हणालो, “रुमालाखाली ठरलंय. कागदापेक्षा पक्कं.”

थंडी पडल्यावर ट्रक भरला. ट्रक मेव्हण्याचा, चालवायला तोच. वरच्या गाडरस्त्यावर दोनदा चाक अडकलं, दोनदा अर्धा माल उतरवून परत चढवला. दुपारी तळ्यावर पोचलो तर मास्तर नवा टाय लावून बांधावर उभे. जागा तयार होती. गवत कापलेलं, दगड वेचलेले, आणि जमिनीवर चुना मारलेल्या दगडांचे सुंदर चौकोन. प्रत्येक चौकोनात एकेक नवा माठ.

पाच चौकोन.

मला वाटलं, बाकीचे टेकाडाच्या पलीकडे असतील. जाऊन आलो. पलीकडे तिबेट आणि शेळ्या.

“मास्तर, बाकीच्या जागा कुठं?”

“कौनसी बाकीच्या?”

“पंचेचाळीस.”

मास्तरांनी ट्रककडे बघितलं. मग माझ्याकडे.

“आपलं पंज्यावर ठरलं होतं का नाय?” मी विचारलं.

“हौ. पंज्यावर.”

“मग?”

“मग पंज्यात बोटं किती, सेठ?”

“पाच.”

“झालं तर.”

“एका बोटाचे दहा, मास्तर!”

“किसने बोला?”

“बोलायचं कशाला? बाजारात कुणी बोलतं का?”

“बाजारात समोर बैल असतो,” मास्तर शांतपणे म्हणाले. “बैल बघून दोघांना कळतं, एक बोट म्हणजे किती. इथं समोर काय होतं?”

“तळं.”

“तळं बघून तुला एका बोटात दहा दिसले. मला एकसुद्धा जास्त वाटला. तू नऊ दाबलीस तेव्हा मी म्हणलं, ये आदमी पागल है.”

मेव्हणा स्टेअरिंगवर डोकं ठेवून हसत होता. “दाजी, पन्नास बोटांचा पंजा लई दिवसांनी ऐकला.” मी त्याला काय बोललो ते लिहीत नाही. मग मास्तरांना बोललो. मोठ्या आवाजात बोललो. माझा धंदा बुडाला, ट्रकवाले गेले, तुमच्या झोपलेल्या तळ्यापायी माझ्या पोटावर पाय देताय, असं बरंच. समोर पडलेल्या मेखेला लाथ घातली. मेख लोखंडी होती. अंगठ्याचं नख गेलं आणि मी बांधावर पाय धरून बसलो.

मास्तरांनी हळद आणून लावली. मग धोंड्यावर जाऊन हजेरीपट उघडला. त्या दिवशी पाहुणा म्हणून आम्ही दोघंच होतो.

“क्रमांक एक.”

“हाजिर,” मेव्हणा ओरडला.

“क्रमांक दोन.”

“मी हाजिर नाय!” मी बांधावरून ओरडलो.

“आवाज आला,” मास्तर म्हणाले, आणि हजर अशी खूण केली.

दुसऱ्या दिवशी उजाडताना त्यांनी मला उठवलं. पलीकडच्या काठावर रोही, म्हणजे नीलगायी, पाण्यावर आल्या होत्या. धुक्यात त्यांचे पाय दिसत नव्हते, नुसती धडं पुढं सरकत होती. मास्तरांनी हजेरीपटाची मागची पानं उघडून माझ्या मांडीवर ठेवली. तिथं रोह्यांची हजेरी होती. रोजची. एका जागी ओळीच्या ओळी गैरहजेरीच्या होत्या. मी विचारलं, हे काय? तर म्हणाले, एका लग्नाच्या वऱ्हाडाला त्यांनी भिडेखातर जागा दिली होती, पाचाच्या वर चुली पेटल्या, आणि त्यानंतर कितीतरी दिवस पलीकडचा काठ रिकामा राहिला. “पाच चुलीपर्यंत ते येतात. सहावी पेटली की नाय. मी बघितलंय. का ते पुस्तकात नाय.”

मी म्हणालो, “रोही तुमचं खरं धरतील. माझी बायको धरणार नाय. या पंचेचाळीस मी कुठं घालू?”

खरं सांगतो, त्या क्षणी मला रडू येत होतं, आणि ते त्यांना दिसू नये म्हणून मी भांडत होतो.

 मास्तर उठून खोलीत गेले आणि स्वतः काढलेला एक नकाशा घेऊन आले. शिक्षक असताना सुट्यांमध्ये ते या सगळ्या डोंगररांगेत पायी हिंडले होते. नकाशात प्रत्येक पाझर तलाव, प्रत्येक कुंड, प्रत्येक जुना बांध निळ्या शाईने भरलेला. त्यांनी बोट ठेवलं.

“तुझं पन्नास खरं. माझं पाच खरं. म्हणजे तळी दहा लागतात. गिन.”

असं भांडण मिटवलेलं मी दुसरं पाहिलं नाही.

दोन हिवाळे आम्ही फिरलो. माझी मॅटाडोर, पुढच्या सीटवर मास्तर, टाय लावून, मांडीवर नकाशा. ज्याच्या बांधाला जागा असेल त्या शेतकऱ्याच्या घरी जायचं. निम्म्या घरांत त्यांचा कुणी तरी विद्यार्थी निघायचा. चाळिशीतला, मिशावाला माणूस मास्तरांना बघून विडी विझवायचा. “सर, तुम्ही?” मास्तर विचारायचे, “हिमालय कौनसा पर्वत?” तो मिशावाला लाजत म्हणायचा, “वलीचा, सर.” मग चहा. मग रुमाल. प्रत्येक ठिकाणी सौदा मास्तरच करायचे, आणि प्रत्येक ठिकाणी सुरू करण्याआधी माझ्याकडे बघून मोठ्याने म्हणायचे, “एका बोटाची एक. सेठला दर वेळी सांगावं लागतं.”

एका तळ्यावर मात्र ते तापाने आले नव्हते. तिथं मी एकट्याने बोलून आठ लावल्या. कसं कळलं कोण जाणे. बरे झाल्यावर स्वतः तिथं गेले, राहुट्यांसमोर उभे राहून हजेरी घेतली आणि शेवटच्या तिघींना मोठ्याने ‘बिनदाखल्याच्या’ म्हणाले. पुढं पाऊस संपेपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत. मी तीन काढल्या. काढताना शिव्या दिल्या, पण काढल्या.

माझ्या पन्नास राहुट्या शेवटी उभ्या राहिल्या. दहा पाण्यांवर, पाच-पाच. धंदा चालला, चांगला चालला. लोक म्हणतात, तुम्हाला हे सुचलं कसं? मी सांगतो, मला सुचलं नाही. मला एकाच तळ्यावर पन्नास हव्या होत्या. आणि त्या मिळायला हव्या होत्या, कारण सगळ्यांत देखणं तळं तेच. बाकीच्या नऊ ठिकाणी गिऱ्हाईक जातं. तिथं गिऱ्हाईक परत येतं. सुटीच्या दिवसांत पाच राहुट्यांसाठी माझ्या दुकानात भांडणं होतात, आणि हात जोडून माणसं परत पाठवताना माझा जीव जळतो. मी हे मास्तरांना दर भेटीत ऐकवायचो.

“मास्तर, तुम्ही मला पंचेचाळीस राहुट्या देणं लागता.”

ते मान डोलवायचे. “हौ. लागतो.”

नाकबूल कधी झाले नाहीत, म्हणूनच तर राग जात नव्हता.

मास्तर गेले ते झोपेतच, आपल्या खोलीत. मयत सोयगावला झाली. त्यांची एकुलती मुलगी पैठणच्या एका शाळेत शिकवते. मयतीच्या चाळिसाव्या दिवसानंतर ती माझ्या दुकानात आली. काऊंटरसमोर बसली, पाणी प्यायली आणि सरळ मुद्द्यावर आली.

“काका, तळ्याची जागा आता माझ्या नावावर आहे. मुलं शिकायची आहेत. अब्बांचा जमाना अब्बांबरोबर गेला. तुम्ही पन्नास लावा.”

या वाक्याची मी किती वर्षं वाट बघितली होती. अंथरुणात पडल्या पडल्या मी हे वाक्य मास्तरांच्या आवाजात ऐकलेलं आहे.

मी म्हणालो, “पाच.”

मलाच कळलं नाही मी काय बोललो. तिलाही नाही.

“पन्नास म्हणतेय मी, काका.”

“ऐकलं. पाच.”

ती हसली. “अब्बा सांगायचे मला. म्हणायचे, हा माणूस आधी उलटं बोलतो आणि मग भाव पाडतो. मी चाळीसवर येते.”

“मी भाव पाडत नाहीये.”

“तीस.”

“अगं बाई, पाच म्हणजे पाच!” माझा आवाज चढला. “पलीकडं रोही येतात. सहावी चूल पेटली की येत नाहीत. तुझ्या बापाने लिहून ठेवलंय!”

“मला माहितीये. लहानपणी ती हजेरी मीच मांडायचे,” ती म्हणाली. “पण रोही माझ्या पोरांची फी भरत नाहीत. वीस.”

मी दोनदा उठून आत गेलो. ती दोन्ही वेळा जागची हलली नाही. बैलांच्या व्यापाऱ्याची नात होती. तिसऱ्या वेळी मी म्हणालो की सगळ्याच राहुट्या काढून नेतो, बघ मग कोण येतं. ती म्हणाली, न्या, दुसरा येईल, तो शंभर लावेल.  दुसरा आलाच असता, आणि त्याने शंभर लावल्याच असत्या.

शेवटी सातावर तुटलं. तोंडाने, मोठ्याने बोलून, आणि कागदावर आकड्यात व अक्षरात लिहून.

तेव्हापासून तिथं सात राहुट्या आहेत. सहावी आणि सातवी मी पार टेकाडाच्या कडेला लावल्या. करारात आहेत म्हणून लावल्या. त्यांच्या भाड्यातला तिचा वाटा मी दर महिन्याला न चुकता पैठणला पोचवतो, म्हणजे त्या भरलेल्या असतात असं तिला वाटतं. गिऱ्हाईक येतं, पाच भरलेल्या बघतं आणि त्या दोन रिकाम्या मागतं. मी सांगतो, त्या गळतात. माझ्या दुकानाचा माल, माझ्या देखत झालेली शिवण, आणि मीच माझ्या तोंडाने त्या शिवणीची बदनामी करतो.

मागच्या वर्षी एक जाणकार गिऱ्हाईक आलं. त्याने सातवीत शिरून शिवणीवरून बोट फिरवलं, कापड उजेडात धरलं आणि बाहेर येऊन मला म्हणाला, “शेठ, ही कुठं गळतेय?”

मी म्हणालो, “पावसात या, दाखवतो.”

पावसात ती वाट बंद असते.